आपल्याला काय करायचंय?

कितीतरी वर्षं बारामतीहून जेजुरी-सासवडमार्गे एसटीने पुण्याला जाणाऱ्याला हडपसर जवळ आलं हे कळायला खिडकीबाहेर बघावं लागत नव्हतं. दिवे घाट उतरला, वडकी मागे पडली की नाकच सांगायचं. कोणी रुमाल काढायचं, कोणी ओढणीचं टोक तोंडावर घ्यायचं, काचा सरकायच्या, आणि मंतरवाडीचा चौक ओलांडला की थांबलेल्या गप्पा पुन्हा सुरू व्हायच्या. आपल्यासाठी तो पाच मिनिटांचा त्रास होता. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी त्यात आयुष्य काढलं.

बारामती-इंदापूरकडे कचऱ्याच्या एखाद्या मोठ्या प्रकल्पाची नुसती कुणकुण लागली, तरी दोन वाक्यं लगेच कानावर येतात. पहिलं आपल्या मोहल्ल्यातलं: ‘आपल्याला काय करायचंय?’ दुसरं चौकातल्या सभेतलं: ‘इथे नको, दुसरीकडे न्या.’ पहिलं वाक्य म्हणणारा घरी बसतो, दुसरं म्हणणारा माईकवर असतो, म्हणून दोघे वेगळे वाटतात. मला दोघांशीही भांडायचं आहे.

दुसऱ्या वाक्यापासून सुरुवात करू, कारण ते जास्त रुबाबात फिरतं.

पुण्याचा कचरा डेपो कधीकाळी कोथरूडला होता. शहर तिकडे वाढलं, सोसायट्या उभ्या राहिल्या, लोकांनी विरोध केला आणि कोथरूडचा डेपो बंद झाला. आज त्या जागेजवळून वनाझची मेट्रो सुटते. कोथरूडकरांची तक्रार खोटी होती असं कोणीच म्हणणार नाही. पण कचरा काही बंद झाला नाही. त्याचा सगळा भार उरुळी-फुरसुंगीवर पडला. तिथली डेपोची जमीन वाढत वाढत १६३ एकरांपर्यंत गेली. विहिरी खराब झाल्या, लोक टँकरवर आले. दर दोन-चार वर्षांनी आंदोलन, दर आंदोलनानंतर एक तारीख, आणि ती तारीख उलटली की पुन्हा आंदोलन, असा तो पाढा. एप्रिल २०१७ मध्ये डेपोला मोठी आग लागली, धूर गावांवर पसरला, तेव्हा ग्रामस्थांनी गाड्या अडवल्या त्या सुमारे तीन आठवडे. पुण्याच्या पेठांमध्ये कचऱ्याचे ढीग साचले, तेव्हा कुठे प्रकरण मुख्यमंत्र्यांपर्यंत गेलं आणि तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या आश्वासनावर लोकांनी रस्ता मोकळा केला. त्याच वर्षी ही दोन्ही गावं महापालिकेत घेतली गेली आणि पुढे बाहेरही काढली गेली. म्हणजे कचरा यायचा तेव्हा गाव महापालिकेचं नव्हतं, आणि गाव महापालिकेचं झालं तेव्हाही तिथे पोटभर पाणी नव्हतं.

कोथरूडच्या आंदोलनात त्या वेळी कोणी उठून विचारलं असेल का, की इथून निघालेली गाडी उद्या कोणाच्या दारात उभी राहणार?

औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, २०१८ मध्ये हाच प्रश्न शहरभर नाचला. नारेगावच्या डेपोवर तीस वर्षांहून जास्त काळ कचरा पडत होता. मांडकी आणि आसपासच्या गावांनी १६ फेब्रुवारीपासून गाड्या बंद केल्या. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानेही तिथे कचरा टाकायला मनाई केली. महापालिकेकडे दुसरी काहीच तयारी नव्हती. मग गाड्या निघाल्या जागा शोधत. कधी पडेगाव, कधी मिटमिटा, कधी कांचनवाडी. जिथे जातील तिथे लोक आडवे. ७ मार्चला मिटमिट्यात दगडफेक झाली, लाठीमार झाला, अश्रुधूर सोडला गेला, आणि पोलीस घरांत घुसून मारहाण करत असल्याची चित्रं सगळ्या महाराष्ट्राने पाहिली. पोलीस आयुक्तांना सक्तीच्या रजेवर जावं लागलं, महापालिका आयुक्तांची बदली झाली. नारेगावकर जिंकले, आणि ते जिंकायलाच हवे होते. पण शहराने तीस वर्षांत ओला-सुका वेगळा करायची सवय लावली असती, तर मिटमिट्याच्या आयाबायांना त्या दिवशी मार खावा लागला नसता.

आता आपल्या जवळची, आपल्या लोकांची गोष्ट. देवनारची कचराभूमी १९२७ पासूनची. तिच्या कडेला शिवाजीनगर, बैंगनवाडी, रफीनगर वसले, बरेचसे मुंबईतल्या इतर वस्त्या उठवून तिथे आणून सोडलेल्यांचे. जानेवारी २०१६ ची आग इतकी मोठी होती की धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला. त्याच भागात २००९ पासून मुंबईच्या दवाखान्यांचा जैववैद्यकीय कचरा जाळणारा प्रकल्प चालू झाला. रहिवाशांच्या संघटनेने उच्च न्यायालयात जनहित याचिका केली आणि २०२३ मध्ये न्यायालयाने प्रकल्प दोन वर्षांत हलवायला सांगितलं. कुठे? रायगड जिल्ह्यात, खालापूर तालुक्यातल्या जांभिवलीला. गोवंडीच्या माणसाने हे ऐकून सुटकेचा श्वास घेतला असेल तर त्याला मी बोल लावणार नाही. ज्याच्या पोराला दर महिन्याला नेब्युलायझर लावावा लागतो, त्याला खालापूरची काळजी करायला सांगणं म्हणजे क्रूरपणा. पण आपण, जे अजून त्या धुरात नाही, आपल्याला तेवढी सवलत नाही. आणि देवनारचं पुढे काय झालं तेही लक्षात ठेवा. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्याच कचराभूमीतली सुमारे सव्वाशे एकर जमीन धारावी पुनर्विकासात अपात्र ठरणाऱ्या लोकांच्या घरांसाठी द्यायचं ठरवलं. आधी कचरा गरिबांच्या शेजारी नेतात, मग गरिबांना कचऱ्यावर नेतात.

‘दुसरीकडे’ नावाचं गाव महाराष्ट्राच्या नकाशावर नाही. तिथे कोणीतरी राहतंच. आपल्याला तर हे कोणी नव्याने शिकवायची गरज नसावी. पाणवठा, वहिवाटीचा रस्ता आणि माणसं विसावतात ती सावली, या तीन ठिकाणी घाण करू नका, ही ताकीद आपण मदरशाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात ऐकलेली आहे. इजा सोसू नका आणि इजा देऊही नका, हा फिकहचा नियम आपले उलेमा घरातल्या भिंतीच्या वादापासून व्यापारापर्यंत सगळीकडे लावतात. तो कचऱ्याला का लावत नाहीत, हे मात्र मला कधी कळलेलं नाही. वजूचं पाणी वाया घालवू नका यावर बयान होतं, आणि ते व्हायलाच हवं. पण ते पाणी येतं कुठून यावर होत नाही.

इंदापूरकरांनी तर पाण्याचा हा हिशेब एकदा जाहीरपणे मांडलेला पाहिला आहे. एप्रिल २०२१ मध्ये उजनीतून इंदापूरला ५ टीएमसी पाणी द्यायचा निर्णय झाला, तो पुणे-पिंपरीकडून वाहत येणाऱ्या सांडपाण्याच्या नावाने. सोलापूर पेटलं, मे महिन्यात तो आदेश रद्द करावा लागला. भांडण कोणाचं बरोबर यात आज मी पडत नाही. मला लक्षात राहिलं ते वेगळंच: पुण्याचं सांडपाणी हा आपल्याकडे सरकारी कागदावर मोजून, हक्काचं म्हणून मागायचा साठा झाला होता. मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा उजनीत थांबते, पळसदेव-भिगवणच्या मच्छीमाराच्या जाळ्यात ते सगळं येतं. वरच्याने ‘दुसरीकडे’ सोडलेलं पाणी पिणारे आपण आहोत. आणि आपण आपला कचरा कुठे सोडणार?

कारण आपलाही आहे. बारामतीचं नाव विकासासाठी घेतलं जातं तेव्हा आपणही छाती फुगवतो. एमआयडीसी आहे, २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, खासगी दवाखाने तर गल्लोगल्ली. दवाखाना म्हटलं की रक्ताने भिजलेला कापूस, सुया, कापून काढलेले अवयव आले. नियम सांगतो की असा कचरा प्रक्रियेविना ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही, आणि ७५ किलोमीटरच्या आत सामायिक प्रकल्प असेल तर दवाखान्याने स्वतःची भट्टी लावायची नाही. म्हणजे तो कुठेतरी जातोच. आपल्या अम्मीचं ऑपरेशन झालं त्या दिवसाचा कचरा कोणाच्या गावात जळला, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारलं? मीही नाही विचारलं.

म्हणून मी सरसकट ‘कचरा प्रकल्प हटाव’ म्हणणाऱ्यांत नाही. पुण्यातच बाणेरला ओल्या कचऱ्याचा प्रकल्प होता. जागा विकास आराखड्यात कचऱ्यासाठी राखीव, इमारती नंतर वाढल्या. रहिवासी हरित लवादात गेले, २०२० मध्ये लवादाने प्रकल्प हलवायला सांगितलं. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. न्यायालयाचं एक म्हणणं असं होतं की हा प्रकल्प बंद केला तर पश्चिम पुण्याचा कचरा सगळं शहर ओलांडून पूर्वेकडे न्यावा लागेल. पूर्वेकडे म्हणजे हडपसर-फुरसुंगीच्या अंगाला. दुर्गंधीचा बंदोबस्त नीट करा, असंही त्याच निकालात आहे. मला हा निकाल पटतो. ज्याने कचरा केला त्याच्या जवळ, छोट्या प्रमाणात, नीट देखरेखीखाली त्याची वाट लागली पाहिजे. पण दुसऱ्या जिल्ह्यांतून टँकरने आणलेला कारखान्यांचा घातक कचरा आपल्या माळावर गाडायचा असेल, खाली काळ्या दगडाच्या भेगा आणि शेजारी कालवा असेल, तर तिथे आडवं पडायलाच हवं. दोन्हींना एकच घोषणा देणारा पुढारी एक तर अडाणी आहे किंवा त्याला निवडणूक लढवायची आहे.

आता पहिलं वाक्य. आपल्याला काय करायचंय?

आपले वडीलधारे हे आळसाने म्हणत नाहीत, भीतीने म्हणतात, आणि ती भीती खोटी नाही. गेल्या काही वर्षांत वातावरण असं झालंय की चार मुस्लिम पोरं रस्त्यावर घोषणा देताना दिसली, की आंदोलन कशाचं होतं हे विचारायच्या आधी व्हिडिओ फिरतो. गुन्हा दाखल झाला तर बाकीच्यांची नावं पंधरा दिवसांत निघतात, आपल्या पोराचं मागे राहतं. पासपोर्टची पडताळणी अडते, नोकरी अडते. हे मी नाकारणार नाही. दुसरं कारण असं की आपल्यातल्या पुष्कळांकडे शेती नाही, सातबारा नाही, घर भाड्याचं. ‘ज्याची जमीन जाते तो बघेल.’ तिसरं कारण कोणी मोठ्याने बोलत नाही: भंगाराचा धंदा बराचसा आपल्या हातात आहे. कचऱ्याचा विषय निघाला की उद्या आपल्याच गोडाऊनवर नगरपालिकेची नोटीस.

या तिन्हींना माझं उत्तर एकच आहे, की गप्प बसून यातलं काहीच टळत नाही. जमीन नसलेला माणूसच सगळ्यात आधी अडकतो. सातबारावाल्याला मोबदला मिळतो, तो बारामतीत फ्लॅट घेतो. भाडेकरू त्याच वासात राहतो, कारण वास सुटला की तिथलं भाडं उतरतं आणि त्याला तेवढंच परवडतं. गोवंडी अशीच भरली.

पण कसं सामील व्हायचं, यावर मात्र बोललं पाहिजे, कारण इथे आपण दरवेळी तीच चूक करतो. गावाचं आंदोलन सुरू होतं. दहाव्या दिवशी आपले दोन-तीन पुढारी लेटरहेड घेऊन येतात: ‘मुस्लिम समाजाचा जाहीर पाठिंबा’. फोटो निघतो. फ्लेक्सवर शेवटच्या रांगेत, कोपऱ्यात, टोपीवाला एक चेहरा. अरे, पाठिंबा बाहेरचा देतो. आपण बाहेरचे आहोत का? इंदापुरात चाँदशाहवली बाबांच्या उरुसाला अख्खं गाव लोटतं तेव्हा कोणी कोणाला जाहीर पाठिंबा देत नाही. पहिल्या बैठकीला जा. प्रभागाचा रहिवासी म्हणून जा, त्याच वहीत त्याच ओळींत नाव लिहा, देशमुखांच्या खाली शेख, शेखांच्या खाली कांबळे. समितीत पद मागू नका, काम मागा. आणि काम म्हणजे कागद.

बहुतेक आंदोलनं हरतात ती कागदावर. रस्त्यावर नंतर हरतात. घातक कचऱ्याच्या सामायिक प्रकल्पासारख्या मोठ्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागते, आणि २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे त्याआधी जनसुनावणी. ती प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं, अध्यक्ष जिल्हाधिकारी किंवा त्यांचा अतिरिक्त जिल्हादंडाधिकारी दर्जाचा प्रतिनिधी. निदान ३० दिवस आधी नोटीस वर्तमानपत्रात यावी लागते, एक देशपातळीवरचं आणि एक स्थानिक भाषेतलं. आता सांगा, आपल्या घरात मराठी वर्तमानपत्राच्या जाहिरातींचं पान कोण वाचतं? एकाने वाचायला लागा. प्रकल्पाचा पर्यावरण अहवाल, आणि त्याचा मराठीतला सारांश, जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत, ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत बघायला ठेवावाच लागतो. तो मागायला कोणाची ओळख लागत नाही.

अहवालात तीन गोष्टी आधी बघा. जवळची वस्ती किती अंतरावर दाखवली आहे. विहिरी, ओढे, कालवे दाखवलेत की गाळलेत. आणि कचरा कुठून, किती येणार. २०१६ च्या घनकचरा नियमांनी भराव-जागेसाठी अंतरं घालून दिली होती: नदीपासून १०० मीटर, तलाव, महामार्ग, वस्ती आणि पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून २०० मीटर. नियम बदलत असतात, ताजे काढून घ्या. अहवाल लिहिणारे पुष्कळदा जागेवर फिरलेले नसतात. आपली वस्ती नकाशावर ‘पडीक जमीन’ म्हणून रंगवलेली सापडली तर नवल वाटून घेऊ नका. मोबाईलवर तारखेसह फोटो काढा, विहिरींची यादी करा, शाळा आणि मशीद-मंदिराचं अंतर मोजा. हे काम बारावीचा मुलगा करू शकतो, आणि यासाठी कोणावर गुन्हा दाखल होत नाही.

एक फट आहे ती माहीत असू द्या. मंजूर औद्योगिक वसाहतीच्या आत प्रकल्प आला तर जनसुनावणीतून सूट मिळू शकते. म्हणजे माळावर आणायचं तर गावाला विचारावं लागेल, पण लोणी देवकरच्या किंवा बारामतीच्या एमआयडीसीत भूखंड घेतला तर कदाचित नाही. म्हणून नोटिशीची वाट बघत बसू नका. एमआयडीसीत कोणता भूखंड कशासाठी दिला, हे माहिती अधिकारात अधूनमधून विचारत राहा. मंजुरी मिळालीच, तर हरित लवादात अपिलाला ३० दिवस असतात, सबळ कारण दाखवलं तर आणखी ६०. लवादाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यातच आहे, दिल्लीला जावं लागत नाही. शुक्रवारी मशिदीच्या पायऱ्यांवर जेवढी चर्चा होते, तिच्यातली अर्धी या तारखा पाठ करण्यात गेली तर पुष्कळ झालं.

भंगारवाल्यांची लाज मात्र आता टाका. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि २००८ मध्ये तिच्यातून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था महापालिकेसाठी दारोदार कचरा गोळा करू लागली. ज्या बायकांना लोक दारात उभं करत नव्हते त्या आज शहराचा कचरा वेगळा करतात, म्हणून तो डेपोवर जायचा वाचतो. आपल्याकडच्या भंगार दुकानातला माणूस रोज तेच करतो. कोणतं प्लास्टिक विकलं जातं आणि कोणतं कुठेच जात नाही, पत्र्यातला कथिल कोण काढतं, जुन्या बॅटऱ्या कुठल्या गाडीत बसतात, हे त्याला सल्लागार कंपनीपेक्षा जास्त माहीत असतं. त्याचंही सगळं स्वच्छ नसतं. वायरी जाळून तांबं काढणारे आपल्यातही आहेत, रात्री तो काळा धूर आपल्याच मोहल्ल्यातल्या पोरांच्या छातीत जातो. आधी ते बंद करा, मग प्रदूषणावर बोलायला तोंड राहील. पण नगरपालिकेपुढे पर्यायी आराखडा ठेवायचा असेल, की ओला कचरा प्रभागातच जिरवा, सुका अमुक दुकानांकडे वजनावर द्या, उरलेला एवढाच, तर आकडे त्याच्याच वहीतून येतील. ‘नको’ म्हणताना हातात असा आराखडा असला की समोरच्या अधिकाऱ्याची पंचाईत होते. नुसत्या घोषणांची त्याला सवय असते.

आणि सुनावणीच्या दिवशी घरातल्या बायकांना न्या. पाण्याला वास कधीपासून येतो आणि हंड्याला थर कसला बसतो, हे त्या सांगतील, आपण नाही. गणसंख्येची अट सुनावणीला नसते. दहा माणसं असली तरी ती झाली असं धरतात, म्हणजे बहिष्कार टाकून घरी बसलेल्या गावाची बाजू कोऱ्या कागदासारखी पुढे जाते. आत जा, माईक मागा, नाव आणि गाव नोंदवा, लेखी हरकतीच्या प्रतीवर पोच घ्या. सगळं चित्रित होत असतं, तेव्हा आवाज चढवू नका, आकडे सांगा. शेवटी कामकाजाचा गोषवारा मराठीत वाचून दाखवायचा असतो. बहुतेक लोक तोपर्यंत निघून गेलेले असतात आणि ‘स्थानिकांनी रोजगाराची मागणी केली’ एवढंच वाक्य उरतं. तो वाचून होईपर्यंत उठू नका, आपली हरकत त्यात नसेल तर तिथेच थांबवून लिहायला लावा. भाकरी घरून बांधून न्या, वेळ लागतो.